मेंदूला मार लागलेल्या रुग्णाला आयसीयूनंतर कुठे न्यायचं?

तीन आठवडे आयसीयूत काढल्यावर एका सकाळी डॉक्टर म्हणतात, ‘पेशंट आता स्टेबल आहे, शिफ्ट करा.’ रुग्णाच्या गळ्यात ट्रॅकी (श्वासासाठी गळ्याला भोक पाडून बसवलेली ट्यूब), नाकात राइल्स ट्यूब (नाकातून पोटात अन्न नेणारी), लघवीला नळी. डोळे उघडतात, पण ओळख नाही. इथे ‘स्टेबल’चा अर्थ एवढाच, की जिवाला तातडीचा धोका टळलाय. त्याच दुपारी जागेचा शोध सुरू झाला तर नातेवाईक जिथे बेड रिकामा असेल तिथे जातात. खरं तर शोधायला हवी ती रात्री तीन वाजता ट्रॅकी तुंबली तर धावत येऊन सक्शन करणारी, म्हणजे यंत्राने आतला कफ ओढून काढणारी सिस्टर. त्यासाठी दहा-पंधरा दिवस आधी कामाला लागावं लागतं.

आधी नावांचा घोळ सोडवू

आपल्याकडे ‘नर्सिंग होम’ म्हणजे छोटं खासगी रुग्णालय. प्रसूती, हर्निया, ताप यांसाठी चालवलेलं. लांबच्या शुश्रूषेसाठी ते नसतं. दुसरीकडे ‘केअर सेंटर’, ‘असिस्टेड लिव्हिंग’, ‘वृद्धसेवा केंद्र’ अशा पाट्यांच्या जागा असतात. त्यांपैकी अनेक जागा मुळात वृद्धांसाठी आहेत. तिथे मावशी आणि मामा प्रेमाने करतात, पण ट्रॅकी हाताळायला शिकलेलं कोणी असेलच असं नाही. तिसरा प्रकार न्यूरो रिहॅब किंवा ट्रांझिशन केअर केंद्रांचा: चोवीस तास प्रशिक्षित परिचारिका, फिजिओ, वाचा व गिळण्याचे उपचार, आणि न्यूरोच्या डॉक्टरांची फेरी. ही केंद्रं मुख्यतः मुंबई, पुणे अशा मोठ्या शहरांत सापडतात. जिल्ह्याच्या ठिकाणी बहुतेक वेळा दुसरा प्रकारच हाती लागतो. तिथे काय तपासायचं आणि काय मागून घ्यायचं, ते पुढे येईलच.

मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे, १९५५ पासूनची. राज्याबाहेर जायची तयारी असेल तर बंगळुरूच्या निम्हान्समध्ये आणि वेल्लोरच्या सीएमसीमध्ये मेंदूच्या रुग्णांसाठी पुनर्वसन विभाग आहेत. अशा ठिकाणी सहसा प्रकृती स्थिरावलेला, व्यायाम सोसू शकणारा रुग्ण घेतात. तिथली तारीख मिळेपर्यंत मधला काळ कुठे काढायचा, हा प्रश्न उरतोच.

पायरी १: ट्रॅकी केली त्या आठवड्यातच विचारायला लागा

व्हेंटिलेटर लांबणार म्हणून ट्रॅकिओस्टोमी करायचं ठरलं, की समजा मुक्काम लांबणार आहे. न्यूरोसर्जनला चार प्रश्न विचारा आणि उत्तरं लिहून घ्या.

एक, ट्रॅकी काढण्याच्या दिशेने जायचंय की ती राहणार? दोन, चार आठवड्यांहून जास्त नळीनेच अन्न द्यावं लागेल असं वाटतं का? तसं असेल तर पोटात थेट बसवायची पेग ट्यूब इथेच बसवून न्यावी का? तीन, मेंदूच्या सुजेला जागा म्हणून कवटीचा तुकडा काढलाय का, तो कुठे ठेवलाय, आणि परत कधी बसवणार? चार, हे रुग्ण व्यायाम सोसू शकतील का, की सध्या फक्त शुश्रूषा हवी आहे?

चौथ्या प्रश्नावर ‘बघू’ असं उत्तर आलं तरी सोडू नका. रुग्ण प्रतिसाद देत नाही हा निष्कर्ष फार घाईने काढला जातो. २००९ च्या एका अभ्यासात, नुसत्या निरीक्षणावरून ‘व्हेजिटेटिव्ह’ (डोळे उघडे, पण जाणीव नाही) ठरवलेल्या रुग्णांपैकी सुमारे ४१ टक्के लोकांमध्ये प्रमाणित चाचणी केल्यावर जाणिवेच्या खुणा सापडल्या होत्या. त्या चाचणीचं नाव सीआरएस-आर, गुण ० ते २३. एकदा करून भागत नाही, कारण जाग दिवसात कमीजास्त होते. दोन आठवड्यांत किमान पाचदा करावी. तुम्हीही एक गोष्ट करू शकता. रुग्ण जागा असताना हातआरसा चेहऱ्यासमोर धरून हळूहळू उजवीकडे-डावीकडे न्या. माणसाची नजर बोटामागे किंवा पेनामागे जात नसली तरी स्वतःच्या चेहऱ्यामागे जाऊ शकते. नजर मागोमाग फिरली तर मोबाइलवर चित्रित करून डॉक्टरांना दाखवा.

पायरी २: गरजांचा एकपानी कागद

फोनवर ‘हेड इंज्युरीचा पेशंट आहे, घ्याल का?’ असं विचारलं की जवळपास सगळे ‘हो’ म्हणतात. म्हणून एका पानावर रुग्णाच्या गरजा आकड्यांसकट लिहा आणि तेच पान प्रत्येक केंद्राला पाठवा. त्यात काय असावं:

श्वास. ट्रॅकी ट्यूबचा नंबर, कंपनी, बसवल्याची तारीख, कफ (ट्यूबभोवतीचा हवेचा छोटा फुगा) फुगवलेला आहे की रिकामा, चोवीस तासांत किती वेळा सक्शन लागतं, ऑक्सिजन किती लिटर. दिवसातून दोनदा सक्शन लागणारा रुग्ण आणि तासाला एकदा लागणारा रुग्ण यांची शुश्रूषा अगदी वेगळी.

अन्न. राइल्स की पेग, एका वेळी किती मिलि, दिवसातून किती वेळा, वजन किती.

शुद्ध. जीसीएस म्हणजे शुद्धीची पातळी मोजायचे गुण. त्याचा एकच आकडा पुरत नाही. डोळे, वाचा, हालचाल असे तिन्ही वेगळे लिहून घ्या. ट्रॅकीमुळे बोलता येत नसेल तर वाचेच्या जागी ‘टी’ लिहितात. ३ ते १५ च्या या मोजणीत ८ किंवा कमी म्हणजे गंभीर.

त्वचा. बेडसोर कुठे, किती सेंटिमीटर. नसला तर ‘नाही’ असं स्पष्ट लिहा.

जंतू. थुंकीच्या आणि लघवीच्या कल्चरचे (जंतू ओळखण्याच्या तपासणीचे) शेवटचे अहवाल. हे लपवू नका. आयसीयूत राहिलेल्या अनेकांच्या शरीरात हट्टी जंतू असतात, आणि ते ॲम्ब्युलन्स दारात उभी राहिल्यावर कळलं तर केंद्र रुग्णाला परत पाठवू शकतं.

याशिवाय झटके शेवटचे कधी आले, कवटीचा तुकडा कोणत्या बाजूचा नाही, आणि रुग्ण नळ्या ओढतो का, हात बांधावे लागतात का. शेवटची गोष्ट घरचे सांगत नाहीत, लाज वाटते म्हणून. पण शुद्धीवर येताना बेचैनी आणि आरडाओरडा हा बरं होण्यातलाच टप्पा असतो. ते आधी कळलेलं केंद्र तयारीत राहतं. न कळलेलं केंद्र तिसऱ्या दिवशी ‘घेऊन जा’ म्हणतं.

पायरी ३: जागा पाहायला रात्री नऊनंतर जा

दिवसा सगळीकडे माणसं असतात. रात्री किती उरतात ते पाहा. एका सिस्टरकडे रात्री पाचपेक्षा जास्त ट्रॅकीचे रुग्ण असतील तर ती जागा टाळावी, असं आमचं ठाम मत आहे. सिस्टर जीएनएम किंवा एएनएम (परिचारिकांचे मान्य अभ्यासक्रम) झालेल्या आहेत का, महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी आहे का, हे विचारायला संकोच नको. परिचारिकेचा गणवेश घातलेली प्रत्येक व्यक्ती परिचारिका असतेच असं नाही. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ खालचं नोंदणी प्रमाणपत्र भिंतीवर लावलंय का तेही पाहा.

मग ट्रॅकी असलेल्या एखाद्या रुग्णाच्या खाटेशी थांबा. उशाशी त्याच नंबरची एक आणि एक नंबर लहान अशा दोन नव्या ट्यूब दिसल्या पाहिजेत. ट्यूब अचानक निघाली तर जुनं भोक आकसतं, मग मोठी ट्यूब जात नाही आणि लहान जाते. म्हणून ती दुसरी. सक्शन मशिनचा दाब मोठ्या माणसासाठी साधारण ८० ते १२० मिलिमीटर पाऱ्यावर असावा. एका वेळी सक्शनची नळी दहा-पंधरा सेकंदांहून जास्त आत ठेवायची नाही. नळीचा नंबर काढायचं साधं गणित आहे: ट्यूबच्या नंबरातून २ वजा करा, उत्तर दुप्पट करा. ८ नंबरच्या ट्यूबला १२ नंबरची नळी. ‘कितीची नळी वापरता?’ एवढं विचारा. उत्तर देताना सिस्टर अडखळल्या नाहीत तर अर्धी चिंता मिटली. कफचा दाब मोजायचं छोटं मीटर आहे का? तो २० ते ३० सेंटिमीटर पाण्याइतका असावा. बोटाने दाबून ‘ठीक आहे’ म्हणणं धोक्याचं: जास्त दाबाने श्वासनलिका आतून सोलते, कमी दाबाने लाळ फुप्फुसात उतरते.

आणखी एक. ट्रॅकीतून घेतलेली हवा नाकातून येत नाही, म्हणून ती कोरडी असते. ट्यूबच्या तोंडावर ओलावा धरणारा फिल्टर नसेल, तर छातीतला कफ सुकून खपली धरतो आणि एके रात्री ट्यूब बंद होते. मार्च ते मे महिन्यांत विदर्भ-मराठवाड्याच्या हवेत हे फार लवकर घडतं. ट्रॅकी ट्यूबच्या आतली नळी काढून धुता येणारी असेल, तर ती दिवसातून किती वेळा धुतात ते विचारा. चार ते आठ तासांनी बघायला हवी.

वीज गेली तर? जनरेटर लागायला किती सेकंद लागतात, आणि पायाने चालणारं किंवा बॅटरीवरचं सक्शन आहे का? ऑक्सिजनचा भरलेला जादा सिलिंडर प्रत्यक्ष दाखवायला सांगा. रात्री बिघडलं तर कोणत्या रुग्णालयात नेतात आणि तिथे पोचायला किती मिनिटं लागतात, हे लेखी घ्या.

वास आला तर त्याकडे दुर्लक्ष करू नका. लघवीचा वास येणाऱ्या खोलीत माणसं वेळेवर वळवली जात नाहीत.

पायरी ४: नळीतून काय जातं ते बघा

जेवणाबाबत जितकी गडबड होते तितकी क्वचितच कशात होते. डोक्याच्या दुखापतीनंतर शरीर वेगाने झिजतं. दिवसाला वजनाच्या दर किलोमागे साधारण २५ ते ३० कॅलरी आणि १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला सुमारे १,५०० ते १,८०० कॅलरी आणि ७२ ते ९० ग्रॅम प्रथिनं. भाताची पेज, डाळीचं वरचं पाणी आणि ताक यांवर हे कधीच भागत नाही. महिन्याभरात खांदे, मांड्या उतरतात, बेडसोर भरत नाही, आणि सगळे म्हणतात आजारामुळे. केंद्राकडून दिवसभराच्या फीडचा तक्ता मागा: किती मिलि, किती प्रथिनं. दर पंधरवड्याला वजन करायला सांगा. मूत्रपिंडाचा किंवा मधुमेहाचा त्रास असेल तर हे आकडे बदलतात. आहारतज्ज्ञांकडून ठरवून घ्या.

फीड देताना डोकं ३० ते ४५ अंश वर, आणि नंतर अर्धा ते एक तास तसंच. पाठीवर सपाट झोपवून दिलेलं फीड फुप्फुसात गेलं की दोन दिवसांनी ताप आणि पुन्हा आयसीयू. फीडच्या आधी नळी जागेवर आहे का तपासतात, मागोमाग ३० मिलि पाणी सोडतात. गोळ्यांबाबत दोन गोष्टी ध्यानात ठेवा. सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या कुटून देऊ नयेत. फेनिटॉइन हे झटक्यांवरचं औषध फीडबरोबर दिलं तर नीट शोषलं जात नाही, त्यामुळे आधी-नंतर एक-दोन तास फीड थांबवावं लागतं. औषध ‘चालू’ असूनही झटका आला की पहिला प्रश्न हाच विचारा.

पायरी ५: पैसा, आणि कागदावरचे शब्द

आरोग्य विमा असेल तर पॉलिसीत ‘एक्सक्लुजन ०५’ शोधा. विश्रांती, पुनर्वसन आणि रेस्पाइट केअर (घरच्यांना विसावा म्हणून तात्पुरती देखभाल) या कलमाखाली अंघोळ, कपडे, हालचाल यांसाठीची नुसती देखभाल वगळलेली असते, मग ती परिचारिकेने केलेली असली तरी. म्हणून डिस्चार्ज कार्डावर नुसतं ‘घरी विश्रांती, नर्सिंग केअर’ असं आलं तर दाव्याला खीळ बसू शकते. खरोखर वैद्यकीय गरज असेल तर ती पूर्ण लिहून मागा: ट्रॅकीची निगा, सक्शन, शिरेतून अँटिबायोटिक, ट्रॅकी काढण्याची प्रक्रिया, झटक्यांवर देखरेख. नसलेली गरज लिहून घेऊ नका. तपासणीत उघडी पडते. डिस्चार्जनंतरचा खर्च किती दिवस मिळतो तेही पाहा, अनेक पॉलिसींत तो ६० किंवा ९० दिवसांचा असतो.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, ते अंगीकृत रुग्णालयातल्या ठरलेल्या उपचारांसाठी. लांबची शुश्रूषा त्यात बसत नाही. पण कवटी परत बसवणं, डोक्यातलं पाणी काढायला शंट घालणं अशा पुढच्या शस्त्रक्रियांसाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला विचारा. हेल्पलाइन १५५३८८.

रस्ते अपघात असेल तर केंद्राच्या २०२५ च्या कॅशलेस योजनेतून अपघातापासून ७ दिवसांपर्यंत, १.५ लाखापर्यंत उपचार मिळतात. पहिला आठवडा त्यात बसला तर घरचे पैसे पुढच्या महिन्यांसाठी वाचतात.

धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवणं बंधनकारक आहे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका घेऊन रुग्णालयातल्या समाजसेवकांना पहिल्याच आठवड्यात भेटा. बिल झाल्यावर गेलात तर फार उशीर होतो.

मोटार अपघात दावा प्राधिकरणात अर्ज अपघातापासून ६ महिन्यांच्या आत करायचा, असं कायदा म्हणतो. रुग्णाची धावपळ करता करता ही तारीख निसटते. दाव्यात पुढच्या आयुष्यभराच्या मदतनिसाचा खर्चही मागता येतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये एका मुलीच्या प्रकरणात हा खर्च वयानुसारच्या गुणकाने मोजून दिला. पण पावत्या हव्यात. ब्युरोच्या मावशींना रोख दिलेले पैसे कागदावर नसतील तर वकिलालाही फार काही करता येत नाही. निदान बँकेतून किंवा यूपीआयने द्या.

रुग्ण बेशुद्ध असेल तर त्याच्या नावचं खातं, विमा, नोकरीचे पैसे हे सगळं अडतं. कोमातल्या प्रौढ माणसाचा पालक नेमण्यासाठी उच्च न्यायालयात रिट अर्ज करावा लागतो. मुंबई उच्च न्यायालयाने असे पालक नेमले आहेत. वेळ लागतो, म्हणून महिन्याभरात वकिलाशी बोला.

केंद्राचा मासिक दर ऐकून हिशेब करू नका. अशाच रुग्णाचं मागच्या महिन्याचं पूर्ण बिल नाव झाकून दाखवायला सांगा. सक्शन नळ्या, डायपर, ग्लोव्हज, फीडची पावडर, फिजिओ, डॉक्टरांच्या भेटी हे सगळं दराबाहेर असू शकतं.

पायरी ६: हलवण्याचा दिवस

सकाळी हलवा, शुक्रवारी-शनिवारी टाळा. आठवड्याच्या शेवटी माणसं कमी असतात. सोबत हवं: डिस्चार्ज कार्ड, शस्त्रक्रियेच्या नोंदी, सीटीच्या चित्रांची सीडी (नुसता अहवाल न्यूरोसर्जनला पुरत नाही), एमएलसी (पोलिसांत नोंदवलेल्या वैद्यकीय प्रकरणाचा) क्रमांक, कल्चर, आणि प्रत्येक औषधाचा शेवटचा डोस किती वाजता दिला तो तक्ता. कवटीचा तुकडा पोटाच्या कातडीखाली ठेवलाय की रुग्णालयाच्या फ्रीझरमध्ये, हे लेखी घ्या. ॲम्ब्युलन्समध्ये सक्शन चालतंय का ते निघण्याआधी तपासा.

पोचल्यावर अर्ध्या तासात सिस्टरसोबत रुग्णाला वळवून पाठ, टाचा, डोक्याची मागची बाजू, कानामागे ट्रॅकीची दोरी घासते ती जागा यांचे तारखेसह फोटो काढा. पुढे वाद होत नाही, आणि लक्ष आहे हे दोन्ही बाजूंना कळतं. कवटी नसलेल्या बाजूला खाटेवर मोठ्या अक्षरात पाटी लावा. त्या कुशीवर वजन टाकायचं नाही.

पहिला महिना

दर दोन तासांनी कूस बदलल्याची नोंद रोज पाहा. सगळ्या नोंदी एकाच पेनाने, एकाच हाताने, तंतोतंत दोन-दोन तासांच्या असतील तर त्या पाळी संपताना एकदम भरल्या आहेत. लघवीची नळी अजून का आहे, असं दर आठवड्याला विचारा. पुरुषांना बहुतेकदा कंडोम कॅथेटर (नळी आत न घालता बाहेरून लावायची पिशवी) चालतो आणि संसर्ग कमी होतो. हातापायांना स्प्लिंट (सांधे सरळ ठेवणाऱ्या आधारपट्ट्या) आणि रोजचा व्यायाम पहिल्या दिवसापासून हवा. कडक झालेला घोटा सोडवायला नंतर महिने जातात.

अचानक घाम, नाडी १३० च्या वर, ताप, अंग ताठ, आणि थोड्या वेळाने सगळं शांत: असं वारंवार होत असेल तर तो संसर्ग नसून मेंदूतल्या दुखापतीने उठणारं वादळ असू शकतं. ‘स्टॉर्मिंग’ हा शब्द डॉक्टरांपुढे उच्चारा. नाहीतर अँटिबायोटिक बदलत राहतात.

दुसरी खूण अधिक फसवी असते. रुग्ण सुधारत होता, मग दोन आठवडे जागच्या जागी थांबला, जास्त झोपतो, उलटी होते, किंवा कवटीची मोकळी जागा फुगून ताठ लागते. डोक्यात पाणी साठत असू शकतं. त्याच दिवशी न्यूरोसर्जनला कळवून सीटी करा. उलट ती जागा आत खोल जात चालली आणि रुग्णाला उठवून बसवल्यावर तो मंदावला, तर कवटी लवकर बसवण्याबद्दल विचारा.

घरी नेण्याचा विचार असेल, तर घरातल्या दोघांनी केंद्रात राहून सिस्टरच्या देखत प्रत्येकी दहा-दहा वेळा सक्शन करावं, फीड द्यावं, आतली नळी धुवावी. सलग दोन रात्री पूर्ण जबाबदारी घरच्यांनीच घेऊन पाहावी, सिस्टर फक्त बाजूला. त्या दोन रात्री पार पडल्या की मग फाउलर बेड (डोकं-पाय वर करता येणारी खाट), एअर बेड, दोन सक्शन मशिन आणि इन्व्हर्टर यांची ऑर्डर द्या.